एल्फ-ड्वार्फ नको झालेत. थ्री-क्रीन, केंकू, ग्रंग यांतलं टेबलावर टिकतं कोण?

फासा_वीस (लातूर)

नमस्कार मंडळी. नवी मोहीम मांडायची आहे, डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मीच. नियम डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर पात्रं रंगवायचा खेळ) पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. पाच खेळाडू, सुरुवात तिसऱ्या लेव्हलला. मुलूख आपल्या इकडचाच समजा: माळरान, भेगाळलेली काळी जमीन, कोरडी नदी, आणि मधोमध देवगिरीच्या धर्तीवरचा किल्ला. खंदक, एकच पूल, आत अंधारी.

खेळाडूंनी एकमुखानं सांगितलंय की एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग कुणी घेणार नाही. एकाला चार हातांचा कीटक थ्री-क्रीन पाहिजे, एकाला कावळ्यासारखा केंकू, एकाला ग्रंग नावाचा बेडूक, एकाला "उडणारं काहीही", आणि पाचवा म्हणतोय, सगळ्यांत विचित्र जे असेल ते द्या.

आकडे पुस्तकात दिसतात, ते नकोत. दहाव्या सत्रालाही मजा देईल अशी रेस (पात्राची जमात) कोणती आणि तिसऱ्या सत्रातच डोकेदुखी होईल अशी कोणती, हे सांगा. कुठं अडतं, का अडतं, नेमकं लिहा. आणि उडणाऱ्याला हो म्हणावं का?

(नव्या नियमांत रेसला स्पीशीज म्हणतात हे माहीत आहे. त्यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा.)


देवगिरीचा_डीएम (छत्रपती संभाजीनगर)

आधी एक गोष्ट, जी बहुतेक जण वाचतच नाहीत: प्राण्याचा प्रकार. एल्फ, ड्वार्फ, माणूस हे सगळे ह्युमनॉइड (माणसासारखे). तुमच्या यादीतला थ्री-क्रीन मात्र मॉन्स्ट्रॉसिटी (विचित्र प्राणी) आहे. प्लाझ्मॉइड घेतला तर तो ऊझ (लिबलिबीत गोळा), ऑटोनोम कन्स्ट्रक्ट (बनवलेलं यंत्र), फेअरी, सॅटर (बोकडाच्या पायांचा) आणि सेंटॉर (अर्धा घोडा) हे फे (परीलोकातले). हा एक शब्द अर्धा खेळ फिरवतो. होल्ड पर्सन (जागी खिळवणारा), चार्म पर्सन, डॉमिनेट पर्सन हे तिन्ही स्पेल (मंत्र) फक्त ह्युमनॉइडवर चालतात. म्हणजे तुमचा किल्लेदार मांत्रिक होल्ड पर्सन घेऊन बसला असेल, तर थ्री-क्रीनसमोर त्याचा तो स्लॉट (दिवसात मोजून मिळणारी स्पेलची संधी) वाया जाणार. उलट बाजूही आहे: रीइन्कार्नेट फक्त मेलेल्या ह्युमनॉइडवर चालतो, त्यामुळे तुमच्या ड्रुइडला (रानातल्या मांत्रिकाला) हा कीटक परत आणता येणार नाही. रेझ डेड चालतो.

फे वाल्यांची अडचण निराळी. हॅलो नावाचा पाचव्या लेव्हलचा स्पेल (फोनवरचा हॅलो नव्हे) ज्या जागेवर टाकलेला असतो तिथं सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड आणि अनडेड यांना पाऊल टाकता येत नाही. स्पेल टाकतानाच फे ना वगळलं नसेल, तर देवळातला पुजारी तुमच्या बाजूचा असला, तरी फेअरी उंबऱ्याबाहेरच. हे खेळाडूला पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर सातव्या सत्रात भांडण ठरलेलं.

आता थ्री-क्रीन. १९९१ च्या डार्क सन या वाळवंटी जगामुळे ही जमात खेळाडूंच्या हातात आली. पाचव्या आवृत्तीत ती २०२२ च्या स्पेलजॅमर संचात आहे. तुमच्या माळरानाला याच्याइतकं चपखल दुसरं काही नाही.

खेळाडू चार हात बघून चार हल्ले धरतो. तसं नाही. खालचे दोन हात लहान आहेत आणि नियमात त्यांना मोजकीच कामं दिलीत: एखादी वस्तू हाताळणं, दार किंवा पेटी उघडणं-लावणं, अगदी छोटी वस्तू उचलणं-ठेवणं, आणि "लाइट" (हलकं) गुणधर्माचं शस्त्र धरणं. ढालीचं नाव त्या यादीत नाही. म्हणून वरच्या दोन हातांत मोठी तलवार आणि खालच्या हातात ढाल ही सगळ्यांची पहिली युक्ती बसत नाही. मोठी तलवार वर आणि शॉर्टस्वर्ड खाली धरता येते, पण बोनस ॲक्शनचा (त्याच वळणातला जादा) हल्ला मिळत नाही, कारण त्यासाठी पहिला हल्लाही लाइट शस्त्रानंच व्हावा लागतो.

चालतं ते असं: वरच्या एका हातात ढाल, दुसऱ्यात शॉर्टस्वर्ड, खालच्या एका हातात दुसरी शॉर्टस्वर्ड, चौथा हात मोकळा. दोन शस्त्रांनी लढणारा आणि ढालही धरणारा असा दुसरा कुणी तुमच्या टेबलावर नसेल. कवचाचा एसी (शत्रूला लागू करायला गाठावा लागणारा आकडा) १३ अधिक डेक्स्टेरिटीची (चपळाईची) भर, म्हणजे डेक्स १६ (भर ३) असेल तर १६, ढालीसह १८. तिसऱ्या लेव्हलला एवढं पुष्कळ झालं. चौथ्या मोकळ्या हातानं दोर, कंदील, औषधाची बाटली. स्पेलचे हातवारे त्या हातानं होतात का, यावर नियम गप्प आहे. तुम्ही आधीच ठरवा. माझं मत, होऊ द्या, कुणाचं काही जात नाही.

दुसरी अडचण बोलण्याची. हा जबड्याचा टकटकाट आणि मिशांच्या हालचालींनी बोलतो, इतरांशी टेलिपथीनं. अंतर १२० फूट. पण त्यातले दोन शब्द खेळाडू विसरतात: समोरचा दिसला पाहिजे आणि समोरचा राजी पाहिजे. पूल राखणारा पहारेकरी "डोक्यात कोण शिरतंय!" म्हणून दचकला की संपर्क नाही. भिंतीपलीकडच्या सोबत्याशीही नाही, कारण तो दिसत नाही. आणि ही वाहतूक एकेरी आहे, समोरच्यानं उत्तर तोंडानंच द्यायचं. चोरपावलांनी जाताना हे हमखास विसरलं जातं.


चिंचोका (बीड)

थ्री-क्रीनला हो, टॉर्टललाही हो. टॉर्टल २०१७ ला आला. कासव आहे. एसी थेट १७, डेक्स कितीही असो. ढाल धरली की १९. डेक्सला ८ ठेवायचा, उरलेले गुण स्ट्रेंग्थ आणि विस्डमला, पहिल्या लेव्हलचा क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) तयार.

अडतं कुठं? तो १७ तिथंच गोठतो. टॉर्टलला चिलखत घालता येत नाही. १५०० सोन्याची नाणी जमवून फायटर प्लेट (पोलादी चिलखत) घेतो तेव्हा त्याचा १८ होतो आणि पुढं जादूची प्लेटही मिळू शकते. कासवाच्या वाट्याला ती कधीच नाही. म्हणून डीएमनं खजिन्यात ढाल, अंगठी, झगा असलं काही टाकत राहायचं.

आणि कवचात शिरायची ॲक्शन लोक नको तिथं वापरतात. आत गेल्यावर एसीला ४ ची भर, स्ट्रेंग्थ-कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हला (मारा टाळायच्या फाशाला) ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा), पण डेक्सच्या सेव्हला डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान आकडा). म्हणजे बाण येत असतील तर आत शिरा, फायरबॉल येणार असेल तर आत शिरणं म्हणजे भट्टीत बसणं. आत असताना रिॲक्शन नाही, वेग शून्य, बाहेर यायला बोनस ॲक्शन.

जाता जाता: सोंगट्या म्हणून कॅरमच्या सोंगट्या वापरणार असाल तर चौकोन एक इंचाचे आखू नका. सोंगटीचा व्यास तीन सेंटीमीटरच्या वर असतो, इंच अडीचचा. शेजारच्या चौकोनात कोण आहे यावरून वाद होतो. साडेतीन सेंटीमीटरचे आखा.


वावटळ (धाराशिव)

सगळ्यांत विचित्र पाहिजे असेल त्याला वॉरफोर्ज्ड द्या ना. लाकूड-लोखंडाचा माणूस. फक्त ध्यानात ठेवा की क्युअर वूंड्स (जखमा भरणारा स्पेल) कन्स्ट्रक्टवर चालत नाही, त्यामुळे क्लेरिक असून नसल्यासारखा होतो.


देवगिरीचा_डीएम (छत्रपती संभाजीनगर)

@वावटळ, इथं थोडी गल्लत होतेय. २०१९ च्या एबेरॉन पुस्तकातला वॉरफोर्ज्ड ह्युमनॉइड आहे, कन्स्ट्रक्ट नाही. क्युअर वूंड्स पूर्ण चालतो. होल्ड पर्सनही चालतो, ते त्याचं दुर्दैव. तुमच्या डोक्यात ३.५ आवृत्तीतला वॉरफोर्ज्ड असावा. तिथं तो "लिव्हिंग कन्स्ट्रक्ट" होता आणि उपचाराचे स्पेल त्याच्यावर निम्मेच लागू व्हायचे.

खरा कन्स्ट्रक्ट म्हणजे ऑटोनोम, स्पेलजॅमरमधलाच. पण त्याच्याही नियमात सोय करून ठेवलीय: क्युअर वूंड्स, हीलिंग वर्ड, या दोघांचे मास प्रकार आणि स्पेअर द डाइंग त्याच्यावर चालतात. शिवाय कुणी मेंडिंग (डागडुजीचा स्पेल) टाकला की एक हिट डाय (जखमा भरायला राखलेला फासा) खर्चून तो स्वतःची डागडुजी करतो. मेंडिंग कँट्रिप आहे, स्लॉट जात नाही, पण टाकायला एक मिनिट लागतं. तेव्हा लढाईनंतरच.


वावटळ (धाराशिव)

बरोबर. ३.५ चंच डोक्यात होतं. वॉरफोर्ज्डचं चिलखत चढवायला मात्र तासभर लागतो, कारण ते अंगातच बसवून घ्यायचं असतं. आणि तो जिवंत असेपर्यंत कुणाला जबरदस्तीनं काढता येत नाही. कैदेत पडायचा प्रसंग आला की याची किंमत कळते.


मोंढ्यातला_मांत्रिक (परभणी)

केंकूबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते तुमच्या यादीतली सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत सहज बिघडणारी रेस हीच.

आधी कोणता केंकू ते ठरवा. २०१६ च्या वोलोच्या पुस्तकातला केंकू स्वतःचं वाक्य बोलूच शकत नाही, फक्त ऐकलेल्या आवाजांची नक्कल करतो. २०२२ च्या मॉर्डेनकाइनेनच्या पुस्तकात तो शाप काढून टाकला. आता तो सरळ बोलतो, नक्कल हा वरचा गुण. सोपं झालं हे खरं, पण मीठही गेलं. जुना घ्यायचा असेल तर पुढची तयारी केल्याशिवाय घेऊ नका.

खेळाडूनं एक यादी आणायची. वीस ते पंचवीस आवाज, प्रत्येकापुढं कुठं आणि कुणाच्या तोंडून ऐकला ते. ते आवाज आपल्याच मुलखातले घ्या, जिवंत वाटतात: मोंढ्यात सौद्याचा पुकारा, कंडक्टरची डबल बेल, संबळाचा ठेका, म्हाताऱ्या आजीचं "आरं लेकरा, जेवलास का", सावकाराचं "पुढच्या आठवड्यात बघू". जग काल्पनिक असलं म्हणून काय झालं, नावं बदलून टाका. दर सत्राला तीन नवे आवाज त्या यादीत घालायचे, आणि ते त्याच सत्रात डीएमच्या किंवा इतर पात्रांच्या तोंडून आलेले असावेत. यानं एक फायदा होतो जो नियमात लिहिलेला नाही: तो खेळाडू दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकायला लागतो.

खेळताना "माझा केंकू त्याला होकार देतो" असं म्हणायचं नाही. यादीतलं वाक्य काढायचं आणि त्याच आवाजात म्हणायचं. सावकाराला टाळायचं तर सावकाराचंच "पुढच्या आठवड्यात बघू" त्याच्या तोंडावर फेकायचं. यादीत बसेल असं काहीच नसेल तर पाटी-पेन्सिल: केंकूला कॉमन भाषा लिहिता-वाचता येते, हे लोक विसरतात.

बिघडतं ते नियोजनाच्या वेळी. किल्ल्यात कसं शिरायचं यावर पाऊण तास चर्चा चालते, चौघं बोलतात, केंकूवाला यादी चाळत बसतो. दोन सत्रं असं झालं की तिसऱ्यात तो मोबाइल काढतो. म्हणून नियोजनापुरता शाप उठवायचा. टेबलावर तो खेळाडू मराठीत बोलेल, पात्रानं ते कसं पोचवलं ते समजून घ्यायचं. लढाईतही तसंच. शाप फक्त परक्यांशी बोलताना लागू.

दुसरा घोळ नक्कल ओळखण्याचा. नव्या पुस्तकाप्रमाणं ऐकणाऱ्यानं विस्डम-इनसाइटचा (समोरच्याचं सोंग ओळखायचा) फासा टाकायचा, डीसी (गाठायचा आकडा) ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार मिळणारी भर) अधिक करिझ्माची भर. तिसऱ्या लेव्हलला करिझ्मा १४ असेल तर ८ + २ + २ = १२. साध्या पहारेकऱ्याला इनसाइटला काहीच भर नाही. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ ते २० पडलं तर तो ओळखतो, ४५ टक्के. एक पहारेकरी असेल तर ठीक. पाच असतील आणि डीएमनं पाचांचे वेगळे फासे टाकले, तर निदान एकानं तरी ओळखण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. मग खेळाडूला वाटतं, डीएम मुद्दाम हाणून पाडतोय. तसं नसतं, गणितच तसं आहे. उपाय: पूर्ण घोळक्यासाठी एकच फासा टाका. नाहीतर खेळाडूला आधी सांगा की घोळक्यासमोर किल्लेदाराचा आवाज काढू नको, एकट्यादुकट्याला गाठ.


फासा_वीस (लातूर)

४५ आणि ९५ चा हिशोब लई कामाचा. हे पहिल्यांदाच कळालं.

ग्रंगचं सांगा कुणीतरी. खेळाडू हट्टाला पेटलाय. मुलूख कोरडा आहे हे सांगून झालं, तर म्हणतो "मग तर अजून मजा".


गोदाकाठ (नांदेड)

लातूरकरानं बेडूक घ्यायचा म्हणजे धाडसच आहे म्हणायचं. २०१६ ला तुमच्याकडं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, या बेडकासाठी कुठून आणणार?

चेष्टा सोडा, हिशोब करू. ग्रंग २०१७ च्या वन ग्रंग अबव्ह या छोट्या पुस्तिकेतला. नियम असा: दिवसातून किमान एक तास पाण्यात बुडून राहायचं, नाहीतर दिवसाच्या शेवटी एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. आणि ही पातळी रात्रीच्या झोपेनं जात नाही. जादूनं जाते किंवा पुन्हा तासभर पाण्यात बसल्यानं. तिसऱ्या दिवशी सगळे हल्ले आणि सेव्ह डिसॲडव्हान्टेजनं, सहाव्या दिवशी मरण. मोहिमेत सहा दिवसांची कोरडी वाट असेल तर हा नियम खेळाडूला मारू शकतो, नुसता त्रास देत नाही.

पाणी किती लागेल? पुस्तकातलं पिंप ४० गॅलनचं, म्हणजे साधारण १५० लिटर. रिकामं पिंप ७० पौंड, आतलं पाणी ३३४ पौंडांच्या घरात, मिळून ४०४. खेचर ४२० पौंड वाहतं. म्हणजे एक भरलेलं पिंप म्हणजे एक अख्खं खेचर, वर जेमतेम १६ पौंडांची जागा, त्यात त्याचा स्वतःचा दोन दिवसांचा चाराही बसायचा नाही. छोटं शरीर आहे, अर्धं पिंप पुरतं. मग क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर: पहिल्या लेव्हलचा स्लॉट, १० गॅलन. अर्ध्या पिंपासाठी दोन स्लॉट. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडं पहिल्या लेव्हलचे चार असतात, त्यातले निम्मे बेडकाच्या आंघोळीला.

इथं सगळे जण एक चूक करतात: रोज नवं पाणी बनवतात. कशाला? तेच पाणी उद्याही चालतं, बुडायचंच तर आहे. पिंपाला झाकण लावा आणि उन्हात ठेवू नका. फक्त त्यातलं पाणी कुणी पिऊ नये, कारण या बेडकाच्या कातडीला विष आहे. पाण्यात उतरलेल्या विषाबद्दल नियम काही म्हणत नाही, पण मी डीएम असतो तर सेव्ह मागितलाच असता.

कातडीच्या विषाचा खरा त्रास लढाईत होतो. ग्रंगच्या अंगाला जो हात लावेल त्याला डीसी १२ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला तर एक मिनिट विषबाधा. क्युअर वूंड्स स्पर्शानं होतो. म्हणजे बेशुद्ध बेडकाला वाचवायला गेलेला क्लेरिकच आडवातिडवा व्हायचा. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून टाकता येतो, तोच घ्या. बेशुद्ध सोबत्याला ओढून न्यायचं असेल तर घोंगडीत गुंडाळून.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय, तर पळत न जाता २५ फूट लांब आणि १५ फूट उंच उडी, चढण्याचा वेग २५, विष अजिबात लागत नाही. खंदक आणि तट असलेल्या किल्ल्यात ही उडी सोन्यासारखी. तुमच्या किल्ल्याच्या खंदकात पाणी ठेवलंत तर बेडकाची सगळी चिंता मिटते. शत्रूच्या खंदकात रोज रात्री तासभर बुडी मारून यायचं. यावर एक आख्खं सत्र निघतं.


चिंचोका (बीड)

आणि किल्ल्याचा विषय निघालाय तर सेंटॉर घेऊ नका. वेग ४० असतो, दिसायला रुबाबदार. पण हातपाय लावून चढायचं म्हटलं की एका फुटाला चार फूट जादा, म्हणजे पाच खर्च. ४० च्या वेगात एका वळणाला ८ फूट. ३० वेगाचा साधा माणूस १५ फूट चढतो. दोराची शिडी आली की सगळी पलटण वर आणि घोडा खाली.


अष्टकोनी_फासा (जालना)

उडणाऱ्यांबद्दल. २०१५ चा आराकोक्रा (पक्षी-माणूस) घेतला तर उडण्याचा वेग ५० फूट, पहिल्या लेव्हलपासून. फेअरी आणि आउलिन (घुबड-माणूस) चालतात तेवढंच उडतात. मध्यम किंवा जड चिलखत घातलं की कुणालाच उडता येत नाही.

सरसकट नाही म्हणू नका, पण का त्रास होतो ते समजून घ्या. चौथ्या लेव्हलपर्यंतचे बरेच शत्रू जमिनीवरून दात-नखांनी लढणारे असतात. लांडगा ६० फुटांवर उडणाऱ्याचं काय करणार? उडणाऱ्याच्या लाँगबोला (लांब धनुष्याला) १५० फुटांपर्यंत अडचण नाही. लढाई एकतर्फी होते आणि कंटाळा उरलेल्या चौघांना येतो. पाचव्या लेव्हलला विझर्डला फ्लाय स्पेल मिळतोच, तिथून पुढं उडणं सगळ्यांच्या आवाक्यात येतं. म्हणून पाचव्या लेव्हलपर्यंत घरचा नियम करा: उडायचं, पण आपल्या वळणाच्या शेवटी काहीतरी पायाखाली असलं पाहिजे. खंदक ओलांडता येतो, तटावर बसता येतं, हवेत लटकून बाण मारता येत नाहीत.

घरचे नियम नको असतील तर पुस्तकातलीच हत्यारं वापरा. उडणाऱ्याचा वेग शून्य झाला किंवा तो आडवा पडला की तो खाली येतो, दर १० फुटांना एक डी६ (सहा बाजूंचा फासा) इजा. जाळं अंगावर पडलं की वेग शून्य. अर्थबाइंड स्पेल इजा न करता खाली उतरवतो. डीएमच्या पुस्तकात आणखी एक आहे जो आपल्याकडं फार शोभतो: जोराच्या वाऱ्यात उडणाऱ्यानं वळणाच्या शेवटी जमिनीवर उतरायचं, नाहीतर पडायचं. वैशाखातल्या दुपारची वावटळ आणा, सोंग उतरलंच. शिवाय अंधारीत छत दहा फुटांवर ठेवलं की पंखांचा उपयोगच काय.

एक सावधगिरी: होल्ड पर्सननं आराकोक्रा पडतो, फेअरी पडत नाही. वर देवगिरीकरांनी सांगितलंच की ती ह्युमनॉइड नाही.

माझं विचाराल तर पंखांपेक्षा सॅटर जास्त डोईजड. सगळ्या स्पेलविरुद्धच्या सेव्हला ॲडव्हान्टेज, कायमचा. ते कुणी मोजतच नाही, कारण तो हवेत दिसत नाही.


मोंढ्यातला_मांत्रिक (परभणी)

पाचव्या खेळाडूसाठी: प्लाझ्मॉइड. गोळा आहे, अक्षरशः. एक इंच रुंद फटीतून जातो. दरवाज्याखालून, जाळीतून, मोरीच्या भोकातून.

पण अट वाचा: अंगावर आणि हातात काहीही नको. म्हणजे पलीकडं पोचलेला प्लाझ्मॉइड निःशस्त्र, स्पेलबुक नाही, होली सिम्बॉल नाही. विझर्ड केलात तर पलीकडं जाऊन बघत बसायचं. मंक करा. मंकचं हत्यार म्हणजे त्याचं अंग, तेच पलीकडं जातं. बोनस ॲक्शननं १० फूट लांब सोंड काढता येते, तिनं कडी काढायची, दार उघडायचं, सोबत्यांना आत घ्यायचं. १० पौंडांपेक्षा जास्त उचलत नाही, हल्ला करत नाही, जादूची वस्तू चालवत नाही, आणि तिला डोळे नाहीत. आंधळेपणानं चाचपायचं. हे शेवटचं डीएम म्हणून ध्यानात ठेवा, नाहीतर खेळाडू ती कोपऱ्यावरून डोकावायला वापरतो.


विसाव्याचा_एक्का (हिंगोली)

डी अँड डी बाहेर डोकावायची तयारी असेल तर पाथफाइंडर या तसल्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत असल्या जमातींची रेलचेल आहे, आणि तिचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. खर्चाच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं. डी अँड डीच्या फुकट एसआरडी ५.१ मध्ये (मूळ नियमांच्या संचात) थ्री-क्रीन, केंकू यांतलं काहीच नाही, नेहमीचीच मंडळी.

तिथला लेशी बघा: वनस्पतीत शिरलेला आत्मा, छोटा, हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) ८, वेग २५. लीफ लेशी कितीही उंचीवरून पडला तरी त्याला इजा होत नाही. तुमच्या किल्ल्याच्या तटावरून हा सरळ खाली उडी टाकतो. वानरही आहेत, २०२२ च्या इम्पॉसिबल लँड्समध्ये, रामायणावरूनच उचललेले. वेरूळच्या कैलासावर रामायणाचे पट कोरलेत, चित्रासाठी लांब जायला नको. त्याच पुस्तकात घोरान आहे, अन्न म्हणून बनवलेली चालतीबोलती वनस्पती. चवीला उत्तम असल्यानं सगळ्यांची नजर तिच्यावर. दुष्काळी मुलखात याहून तणावाचं पात्र सापडणं अवघड.

सांगाडा खेळायचा मोह होतो, तो २०२२ च्या बुक ऑफ द डेडमध्ये आहे. तिथं पक्का खड्डा आहे. हील स्पेल सांगाड्याला बरं करत नाही, इजा करतो. क्लेरिकनं तीन ॲक्शनचा हील टाकला की ३० फुटांतल्या जिवंतांना आराम आणि सांगाड्याला फटका, सोबती असला तरी. क्लेरिकनं एक-दोन ॲक्शनचाच हील वापरायची सवय लावायची. ट्रीट वूंड्सही (मलमपट्टी) फक्त जिवंतांवर चालतं, म्हणून कुणीतरी एकानं स्टिच फ्लेश ही फीट (पात्राला निवडता येणारं खास कसब) घ्यायचीच. ती नसेल तर सांगाडा दुसऱ्या लढाईपर्यंत पोचत नाही.


देवगिरीचा_डीएम (छत्रपती संभाजीनगर)

चांगली माहिती. पण @फासा_वीस, लगेच पाथफाइंडरकडं पळू नका, एका मोहिमेत एकच नवी गोष्ट शिकवा.

आणि पाचही विचित्र नकोत. लोकांना थ्री-क्रीन बघून दचकायचं असेल तर पार्टीत एक तरी असा पाहिजे ज्याच्याशी गावची माणसं न दचकता बोलतील. नाहीतर प्रत्येक वेशीवर तोच प्रसंग: पाटील घाबरला, दार लावलं. तीनदा झालं की त्यातला अर्थ जातो.


फासा_वीस (लातूर)

ठरलं मग. थ्री-क्रीन फायटर, जुना केंकू यादीसकट, ग्रंग (खंदकात पाणी ठेवतो), प्लाझ्मॉइड मंक. उडणारीला फेअरी देतोय, पाचव्या लेव्हलपर्यंत पाय टेकायच्या अटीवर. गावकऱ्यांशी बोलायला माणूस कुणी व्हायला तयार नाही, तर एक खेचरवाला पात्र म्हणून मीच देतो. पिंपासाठी खेचर लागणारच आहे.

एक शेवटचं. थ्री-क्रीन झोपत नाही. मग रात्रभर पहारा तोच करू लागला तर दरोडा घालायचा कसा?


गोदाकाठ (नांदेड)

करू द्या रात्रभर. त्याला झोप लागत नाही, जागा राहूनही लाँग रेस्ट (रात्रीची पूर्ण विश्रांती) मिळते, दगदग तेवढी टाळायची. पहारा दगदगीत धरत नाही.

पण डार्कव्हिजन म्हणजे दिवसासारखं दिसणं नव्हे. ६० फुटांपर्यंत अंधार त्याला धूसर उजेडासारखा दिसतो, आणि धूसर उजेडात बघण्याच्या परसेप्शनला (हेरण्याला) डिसॲडव्हान्टेज, म्हणजे पॅसिव्हमधून (फासा न टाकता धरायच्या आकड्यातून) ५ वजा. १२ चा ७ होतो. गॉब्लिनला स्टेल्थला (लपतछपत येण्याला) ६ ची भर असते, फाशावर १ पडला तरी त्याचा ७ होतो. निम्म्या वेळा त्यांना जवळ येऊ द्या आणि निम्म्या वेळा वाळलेल्या कडब्यावर पाय पडून आवाज होऊ द्या, कारण कानाला अंधाराची वजाबाकी नसते. कंदील लावला तर वजाबाकी जाते, पण मग माळावर तो उजेड कोसभरावरून दिसतो.